बँकेतील वित्त विश्लेषकपदाची मुलाखत : अपेक्षा आणि तयारी

बँक ही दुसऱ्याच्या पैशावर चालणारी संस्था आहे. निवृत्त शिक्षकाचा भविष्यनिर्वाह निधी, ऊस उत्पादकाचे बिल, बचत गटातील भगिनींची मासिक बचत आणि नोकरदाराची आवर्ती ठेव अशा लहानमोठ्या रकमांतून बँकेकडे निधी साठतो. तोच पुढे कर्जरूपाने शेतकऱ्याकडे, कारागिराकडे आणि उद्योजकाकडे जातो. कर्ज बुडाले तर धोका ठेवीदाराच्या पैशाला पोहोचतो; उलट पात्र अर्जदाराला कर्ज नाकारले गेले तर एक उद्योग उभा राहण्यापूर्वीच खुंटतो. या दोन्ही चुका टाळण्यासाठी आकड्यांचा अर्थ लावून सल्ला देणारा जो अधिकारी बँकेत असतो, त्याला वित्त विश्लेषक किंवा पत विश्लेषक असे म्हटले जाते.

वाणिज्य, अर्थशास्त्र व व्यवस्थापन या शाखांचे अनेक पदवीधर या पदाकडे वळतात. त्यांत ग्रामीण भागातील महाविद्यालयांतून शिकलेल्या तरुण-तरुणींचाही समावेश असतो. पुस्तकी ज्ञानात हे उमेदवार कमी पडतातच असे नाही. तथापि मुलाखतीत नेमके काय पाहिले जाते, याची कल्पना नसल्यामुळे पाठ केलेल्या व्याख्यांवर त्यांची भिस्त राहते. शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्याकडे हे तरुण मार्गदर्शनासाठी येतात. त्या दृष्टीने या मुलाखतीचे स्वरूप येथे मांडले आहे.

पदाची पार्श्वभूमी

१९ जुलै १९६९ रोजी १४ प्रमुख बँकांचे आणि १५ एप्रिल १९८० रोजी आणखी ६ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. बँकांच्या शाखा ग्रामीण भागात पोहोचल्या आणि ज्यांनी पूर्वी बँकेची पायरी चढली नव्हती असे अर्जदार पुढे आले. केवळ तारण पाहून कर्ज देण्याची जुनी रीत या नव्या परिस्थितीत अपुरी ठरू लागली. रिझर्व्ह बँकेने १९७४ साली नेमलेल्या टंडन समितीने खेळत्या भांडवलाची खरी गरज किती, त्यांतील किती वाटा उद्योजकाने स्वतः उचलावा आणि किती बँकेने द्यावा, याची शास्त्रशुद्ध मांडणी केली. १९९१ मध्ये नेमलेल्या नायक समितीने लघुउद्योगांसाठी उलाढालीवर आधारलेली सोपी पद्धत सुचविली. या वाटचालीतून एक प्रश्न कर्जव्यवहाराच्या केंद्रस्थानी आला, तो असा की, कर्जाची परतफेड कोठून होणार? जमीन, इमारत वा दागिने यांचे तारण हा अडचणीच्या वेळचा आधार होय. परतफेडीचा पहिला मार्ग म्हणजे व्यवसायातून येणारी रोकड. विश्लेषकपदाच्या मुलाखतीतील बहुतेक सर्व प्रश्न निरनिराळ्या वाटांनी याच प्रश्नाकडे येतात.

कामाचे दोन प्रकार

‘वित्त विश्लेषक’ या एकाच नावाखाली बँकांत दोन वेगळी कामे येतात. पहिले काम कर्जदाराच्या आर्थिक स्थितीची तपासणी करण्याचे. दुसरे काम बँकेच्या स्वतःच्या आर्थिक स्थितीचे, म्हणजे ठेवींवरील खर्च, कर्जावरील उत्पन्न, विभागवार नफा, अंदाजपत्रक व भांडवलाची गरज यांचे. मुलाखतीस जाण्यापूर्वी आपण कोणत्या कामासाठी बोलावलेले आहोत, हे जाहिरातीतील कर्तव्यांच्या यादीवरून उमेदवाराने निश्चित करून घ्यावे. सर्वसाधारण प्रश्न दोन्हीकडे समान असले तरी खोलात जाऊन विचारले जाणारे प्रश्न भिन्न असतात.

निवडीची पद्धत

सार्वजनिक क्षेत्रातील बँकांची सामाईक भरती २०११ पासून ‘आयबीपीएस’ या मुंबईस्थित संस्थेमार्फत होते. त्यांतील अधिकारीपदांसाठी मुलाखत १०० गुणांची असते आणि अंतिम गुणवत्तायादीत मुख्य परीक्षा व मुलाखत यांचे प्रमाण ८० : २० धरले जाते. याखेरीज पत विश्लेषकासारख्या विशेष पदांसाठी बँका स्वतंत्र जाहिराती देतात. अशा भरतीत वित्त विषयातील पदव्युत्तर व्यवस्थापन पदवी, सनदी लेखापाल वा तत्सम पात्रता मागितली जाते आणि काही वेळा अर्जांची छाननी करून थेट मुलाखतीस बोलावले जाते.

खासगी बँकांमध्ये एकापेक्षा अधिक फेऱ्या होतात. प्रथम मनुष्यबळ विभागाकडून प्राथमिक बोलणी, नंतर विषयतज्ज्ञांची मुलाखत आणि शेवटी विभागप्रमुखाची भेट असा क्रम सामान्यतः आढळतो. मधल्या फेरीत संगणकावर एखाद्या कंपनीचे आकडे देऊन ठरावीक वेळात टिपण तयार करावयास सांगतात. त्यामुळे एक्सेलवर सूत्रे मांडणे, दोन वर्षांची तुलना करणे व निष्कर्ष चार ओळींत लिहिणे यांचा सराव आवश्यक ठरतो.

पायाभूत प्रश्न

मुलाखतीचा प्रारंभ बहुधा उमेदवाराच्या शिक्षणाने व गावाने होतो. जिल्ह्यात कोणती पिके होतात, कोणते उद्योग आहेत, तेथील बँकव्यवहार कसा आहे, हे प्रश्न औपचारिक वाटले तरी त्यांचे उत्तर काळजीपूर्वक द्यावे. सोलापूरच्या उमेदवाराला यंत्रमागाविषयी, नाशिकच्या उमेदवाराला द्राक्ष व कांदा यांविषयी आणि रत्नागिरीच्या उमेदवाराला आंबा व मासेमारी यांविषयी काहीच सांगता आले नाही, तर आकड्यांमागचा व्यवसाय पाहण्याची त्याला सवय नाही, असा ग्रह होतो.

त्यानंतर लेखाशास्त्राकडे वळतात. ताळेबंद, नफा-तोटा पत्रक आणि रोख प्रवाह पत्रक यांचा परस्परसंबंध हा हमखास विचारला जाणारा भाग. यंत्राच्या घसाऱ्यात १ लाख रुपयांची वाढ झाली तर तिन्ही पत्रकांत काय बदल होईल? नफा दिसत असतानाही व्यवसायाकडे रोकड का नसते? चालू गुणोत्तर चांगले असूनही एखादा उद्योग देणी भागविण्यास असमर्थ कसा ठरतो? बँकेच्या ताळेबंदात ठेव कोणत्या बाजूस लिहितात? या शेवटच्या प्रश्नावर पदव्युत्तर उमेदवारही गडबडतात. ठेव हे बँकेचे देणे आणि दिलेले कर्ज ही बँकेची मालमत्ता, ही साधी गोष्ट ज्याला समजली त्याला बँकेच्या धोक्याचे स्वरूपही समजते.

गुणोत्तरांच्या व्याख्या माहीत असणे गरजेचेच आहे. परंतु व्याख्येनंतर लगेच ‘मग यावरून काय समजायचे?’ असा प्रश्न येतो आणि उमेदवाराची खरी पारख तेथे सुरू होते.

एक उदाहरण

मुलाखतीत दिल्या जाणाऱ्या अभ्यासप्रश्नाचे स्वरूप समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. तासगाव परिसरातील एक लघुउद्योजक शेतकऱ्यांकडून बेदाणा विकत घेऊन त्याची प्रतवारी व पॅकिंग करतो, असे धरू. त्याची विक्री एका वर्षात १ कोटी ६० लाखांवरून २ कोटी रुपयांवर गेली आहे. करोत्तर नफा ८ लाख, घसारा ४ लाख, मुदत कर्जावरील व्याज ३ लाख आणि मुद्दलाचा वार्षिक हप्ता ५ लाख रुपये आहे. चालू मालमत्ता ६० लाखांची असून तीत माल ३० लाख, व्यापाऱ्यांकडील येणी २४ लाख आणि रोकड व इतर ६ लाख आहेत. चालू देणी ४५ लाखांची असून त्यांत बँकेचे कॅश क्रेडिट २५ लाख आहे. पुढील वर्षी विक्री अडीच कोटींवर जाईल असे सांगून उद्योजक कॅश क्रेडिटची मर्यादा ५० लाख करून मागतो.

प्रथमदर्शनी सर्व काही ठीक दिसते. चालू गुणोत्तर ६० भागिले ४५, म्हणजे १.३३ येते आणि टंडन समितीच्या मांडणीतून रूढ झालेला मापदंड हाच आहे. नायक समितीच्या पद्धतीनुसार अपेक्षित उलाढालीच्या २५ टक्के रक्कम खेळते भांडवल म्हणून लागते. त्यांतील २० टक्के बँकेने व ५ टक्के उद्योजकाने द्यावयाचे असतात. अडीच कोटींचे २० टक्के म्हणजे ५० लाख. मागणी सूत्रात तंतोतंत बसते. कर्जफेडीचे गुणोत्तर पाहिले तर नफा, घसारा व व्याज यांची बेरीज १५ लाख आणि व्याज व हप्ता मिळून देणे ८ लाख. म्हणजे गुणोत्तर १.८८ आहे. घाईने उत्तर देणारा उमेदवार येथेच ‘मंजूर करावे’ असे सांगून मोकळा होतो.

जाणता उमेदवार मागील वर्षाची येणी विचारतो. ती १२ लाख होती, असे त्याला सांगितले जाते. विक्री २५ टक्क्यांनी वाढली, पण येणी दुप्पट झाली. पूर्वी उधारी सरासरी २७ दिवसांत वसूल होत असे. आता तीच ४४ दिवसांवर गेली आहे. शिवाय नफा ८ लाख व घसारा ४ लाख मिळून जी १२ लाखांची रोकड व्यवसायात निर्माण व्हावयास हवी होती, ती सर्वच्या सर्व वाढलेल्या उधारीत अडकली. इतर बाबी तशाच राहिल्या असतील, तर ५ लाखांचा हप्ता एक तर कॅश क्रेडिटमधून किंवा पुरवठादारांचे, म्हणजे पर्यायाने बेदाणा उत्पादक शेतकऱ्यांचे, पैसे थकवून भरला गेला असला पाहिजे.

दुसरा प्रश्न येण्यांच्या वयाचा. समजा, २४ लाखांपैकी १२ लाख रुपये सहा महिन्यांहून अधिक काळ थकलेले आहेत. बँकांच्या वर्गीकरणात इतकी जुनी येणी सामान्यतः चालू मालमत्तेत धरली जात नाहीत. ती वगळली की चालू मालमत्ता ४८ लाख उरते आणि गुणोत्तर १.०७ वर येते. नायक पद्धतीप्रमाणे उद्योजकाचा स्वतःचा वाटा साडेबारा लाख असावयास हवा; प्रत्यक्षात चालू मालमत्ता व चालू देणी यांतील फरक अवघा ३ लाख उरतो. ही १२ लाखांची येणी बुडाली तर वर्षभराचा ८ लाखांचा नफा पुसला जाऊन वर तोटा होईल. नफा २ लाखांवर घसरला तर कर्जफेडीचे गुणोत्तर १.१३ इतके उतरते, म्हणजे जेमतेम हप्ता भागतो.

तिसरा प्रश्न हंगामाचा. बेदाणा तयार होण्याचा काळ साधारणतः फेब्रुवारी ते एप्रिल असतो आणि तयार माल शीतगृहात ठेवून पुढे वर्षभर विकला जातो. ३१ मार्चचा ताळेबंद हे वर्षातील एका दिवसाचे चित्र आहे. त्या दिवशी दिसणारा ३० लाखांचा माल चालू हंगामातील आहे की मागील वर्षीचा पडून राहिलेला, हे शीतगृहाच्या पावत्या व प्रत्यक्ष पाहणी यांखेरीज कळणार नाही.

मग कर्ज नाकारावे काय? मुलाखत मंडळाला येथे सरसकट नकारही अपेक्षित नसतो. वाढती विक्री हे व्यवसायाला मागणी असल्याचे लक्षण आहे. जुन्या येण्यांची व्यापारीनिहाय यादी मागवावी; वसुलीची मुदतबद्ध योजना घ्यावी; उद्योजकाने स्वतःचे काही भांडवल आणावे; मर्यादा एकदम दुप्पट न करता वसुलीच्या प्रगतीनुसार टप्प्याटप्प्याने वाढवावी; मालाचा विमा व दरमहा साठापत्रक यांच्या अटी घालाव्यात, असा मार्ग सुचविता येतो. उद्योजकाची नोंदणी सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून झालेली असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियमाचाही विचार करावा. या अधिनियमानुसार खरेदीदाराने अशा पुरवठादाराचे पैसे, करारात मुदत ठरली असली तरी, जास्तीत जास्त ४५ दिवसांत देणे बंधनकारक आहे. ही तरतूद या उद्योगाला कितपत लागू पडते, हे पाहण्याची सूचना जो उमेदवार करतो, त्याने आकड्यांपलीकडील माणसाचा विचार केला आहे, असे मंडळाला जाणवते.

बँकेच्या कारभाराविषयी

पुढील प्रश्न बँकिंगच्या नियमांविषयी असतात. व्याज वा हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला की मुदत कर्ज अनुत्पादक ठरते. त्यापूर्वी ३०, ६० व ९० दिवसांपर्यंतच्या थकबाकीनुसार खात्यावर विशेष लक्ष ठेवण्याच्या तीन पायऱ्या आहेत. पीककर्जास मात्र हंगामाचा हिशेब लागू होतो; अल्प मुदतीच्या पिकांसाठी दोन हंगाम व दीर्घ मुदतीच्या पिकांसाठी एक हंगाम थकबाकी राहिल्यास ते अनुत्पादक मानतात. हा फरक का ठेवला आहे, हे ग्रामीण उमेदवाराने स्वतःच्या अनुभवातून सांगितले तर उत्तर अधिक सकस होते.

अग्रक्रम क्षेत्राला व्यापारी बँकांनी ४० टक्के व शेतीला १८ टक्के कर्जपुरवठा करण्याचे उद्दिष्ट, भांडवल पर्याप्ततेचे किमान ९ टक्के व संरक्षक राखीव भांडवलासह ११.५ टक्के प्रमाण, रेपो दरातील बदलाचा ठेवी व कर्जे यांवरील परिणाम, २०१६ ची दिवाळखोरी संहिता, १ एप्रिल २०२५ पासून बदललेली सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची व्याख्या, हे विषय तयार असावेत. ज्या बँकेत मुलाखत आहे तिचा अद्ययावत वार्षिक अहवाल वाचून ठेवी, कर्जे, निव्वळ अनुत्पादक कर्जांचे प्रमाण व नफा हे आकडे आणि त्यांतील दोन वर्षांचा फरक ध्यानात ठेवावा. बँकेची माहिती न घेता बँकेचे विश्लेषण करावयास येणारा उमेदवार मंडळाला पटत नाही.

सचोटीची कसोटी

‘एखाद्या प्रतिष्ठित व्यक्तीच्या प्रकरणात वरिष्ठांनी अनुकूल शिफारस करण्यास सांगितले तर तुम्ही काय कराल?’ या आशयाचा प्रश्न अनेकदा येतो. त्यावर आवेशपूर्ण भाषण करू नये. विश्लेषकाचे काम वस्तुस्थिती नोंदविणे हे आहे आणि मंजुरीचा अधिकार दुसऱ्याकडे असतो. आकडे न बदलता धोक्यांची नोंद टिपणात स्पष्ट करावी आणि वरिष्ठांना वेगळा निर्णय घ्यावयाचा असल्यास तो त्यांनी आपल्या अधिकारात, लेखी कारणांसह घ्यावा, असे शांतपणे सांगणे पुरेसे असते.

याच कसोटीचा दुसरा भाग म्हणजे ‘मला माहीत नाही’ हे सांगण्याची तयारी. माहीत नसलेल्या गोष्टीवर अंदाजाने ठासून बोलणारा उमेदवार उद्या कर्जप्रकरणातही तसेच करील, अशी शंका मंडळाला येते. ‘हा नियम मला निश्चित आठवत नाही, पण त्यासाठी मी रिझर्व्ह बँकेचे परिपत्रक पाहीन’ हे उत्तर कमीपणाचे नव्हे. काही बँकांच्या जाहिरातींत उमेदवाराचा स्वतःचा पतइतिहास समाधानकारक असण्याची अट असते. शैक्षणिक कर्ज वा अन्य हप्ते थकलेले असल्यास ते वेळीच मार्गी लावावेत आणि प्रश्न आला तर खरी परिस्थिती सांगावी. इतरांच्या परतफेडीविषयी मत देणाऱ्याला हा नियम प्रथम लागू होतो.

भाषा आणि मांडणी

मराठी माध्यमातील उमेदवारांना इंग्रजीची धास्ती वाटते. विषय मनात स्पष्ट असेल तर साधी, छोटी वाक्ये पुरतात. एखादे गुणोत्तर प्रथम मराठीत घरातील वडीलधाऱ्यांना समजेल असे सांगून पाहावे. नंतर तेच इंग्रजीत व हिंदीत सांगावे. मराठीत ज्याचा उलगडा करता येत नाही ती गोष्ट बहुधा नीट समजलेलीच नसते. उत्तर देताना आधी निष्कर्ष, मग कारणे व शेवटी धोका असा क्रम ठेवावा. आकडेमोड करावयाची असल्यास कागद मागून घ्यावा आणि पायऱ्या मोठ्याने सांगाव्यात. बेरजेतील लहान चूक मंडळ सुधारून घेते, परंतु विचाराची दिशा कळली नाही तर गुण देता येत नाहीत.

गावपातळीवर काय करता येईल?

या तयारीसाठी शहरात जाऊन महागडे वर्ग लावणे अपरिहार्य नाही. सरावाची सामग्री गावातच उपलब्ध असते. विविध कार्यकारी सेवा सहकारी संस्था, पतसंस्था, दूध संघ व साखर कारखाने यांचे वार्षिक अहवाल सभासदांना दिले जातात आणि त्यांत लेखापरीक्षित ताळेबंद छापलेला असतो. मार्चअखेरचे वर्ष संपल्यावर ३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभांच्या निमित्ताने हे अहवाल घरोघरी येतात. ते रद्दीत जाण्यापूर्वी शाळा-महाविद्यालयांच्या ग्रंथालयात पाच-पाच वर्षांचे संच करून ठेवले, तर विद्यार्थ्यांना खऱ्या आकड्यांवर सराव करता येईल. ग्रामपंचायतीचा जमाखर्च शेजारी ठेवून केवळ रोकडीची नोंद आणि ताळेबंद यांतील फरकही शिक्षकांना समजावून देता येईल.

तालुक्यातील निवृत्त बँक अधिकारी, सहकारी संस्थांचे लेखापरीक्षक व वाणिज्य शाखेचे प्राध्यापक यांनी महिन्यातून एक दिवस बसून सरावमुलाखती घेतल्या तर उमेदवारांची भीड चेपेल. पंचायत सदस्यांनी त्यासाठी ग्रामपंचायत कार्यालयातील किंवा वाचनालयातील एखादी खोली उपलब्ध करून दिली तरी मोठे साहाय्य होईल. याचा लाभ नोकरी मिळालेल्या उमेदवारापुरता राहणार नाही. आपल्या संस्थेचा ताळेबंद वाचता येणारे तरुण गावात असले म्हणजे सर्वसाधारण सभेत योग्य प्रश्न विचारले जातात आणि ठेवीदारांचे हित राखले जाते.

विश्लेषकाच्या एका टिपणावर कोणाचा तरी उद्योग आणि कोणाची तरी आयुष्यभराची ठेव अवलंबून असते. कर्जाची परतफेड कोठून होणार, हा प्रश्न आदबीने विचारणारा, त्याचे उत्तर आकड्यांत व प्रत्यक्ष जागेवर जाऊन शोधणारा आणि जे आढळले ते निर्भयपणे लिहिणारा उमेदवार बँकेला हवा असतो. ही दृष्टी लागलेला तरुण खेड्यातील असो वा शहरातील, मुलाखतीच्या दालनात त्याला बिचकण्याचे कारण नाही.